४० शंकासूर, आणि मीटरखोलीमागचा एक

फेब्रुवारी २०२३ मध्ये जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या चिटणीसांचा फोन आला. "ताई, रविवारच्या मीटिंगमध्ये आमचे शंकासूर उपटून टाकायचं ठरतंय. त्याआधी एकदा बघून जाता का?"

सोसायटी १८ रो-हाउसची. पूर्वेकडच्या ६० मीटर भिंतीला लागून जुलै २०२१ मध्ये त्यांनी शंकासुराची ४० रोपं लावली होती, दर दीड मीटरला एक. दोन पावसाळे झाले. सात झाडं मेली होती, मागच्या टोकाची बरीचशी पिवळी पडली होती, आणि राहिलेल्या ३३ पैकी एकालाही आजवर फूल आलं नव्हतं. मी लगेच गेले ती या शेवटच्या वाक्यामुळे. झाडं मरतात, पिवळी पडतात, त्यात नवल नाही. पण शंकासूर बी पेरल्यापासून वर्षाच्या आत फुलतो. सोलापूरच्या उन्हात दोन वर्षं मोकळ्या जागी उभा राहून तो फुलत नाही, याचा अर्थ त्याला कोणीतरी अडवतंय.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की इथे दुखणी दोन होती आणि सगळे एकच शोधत होते. मीसुद्धा. त्यात माझे तीन महिने वाया गेले.

आधी झाडाची ओळख, कारण निम्मं भांडण नावावरूनच होतं. सोसायटीतल्या एका काकांचा विरोध होता तो "गुलमोहर भिंतीला लावलाच कसा, मुळं पाया उचकटतील" या मुद्द्यावर. शंकासुराला पुष्कळ लोक छोटा गुलमोहर म्हणतात, त्यातून हा घोळ. गुलमोहर हा मादागास्करचा मोठा वृक्ष. शंकासूर उष्ण अमेरिकेतलं झुडूप, आठ-दहा फुटांपलीकडे सहसा जात नाही, त्याच्या मुळांनी भिंत हलत नाही. दोन्ही शेंगा येणाऱ्या कुळातले, दोघांची पानं बारीक पिसासारखी, म्हणून लांबून फसायला होतं. लिनियसनं १७५३ मध्ये याला पॉइन्सियाना नावाखाली नोंदवलं, १७९१ मध्ये स्वार्ट्झनं ते सीझाल्पिनिया या प्रजातीत नेलं. पुढचा शब्द पल्चेरिमा, म्हणजे लॅटिनमध्ये सर्वांत सुंदर. बार्बाडोस बेटाचं ते राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडे मात्र त्याला मत्स्यावतारात मारल्या गेलेल्या राक्षसाचं नाव. एवढ्या देखण्या झाडाला ते कसं चिकटलं, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं.

फूल जवळून पाहिलं नसेल तर जरूर पाहा. पाच पाकळ्या, त्यातल्या चार झालरीच्या, केशरी-लाल आणि कडेला पिवळी किनार. पाचवी लहान, नळीसारखी वळलेली. मधून दहा लांबलचक लाल पुंकेसर बाहेर येतात. तुरा खालून वर उमलत जातो, म्हणून एकाच तुऱ्यात खाली शेंगा, मध्ये फुलं आणि शेंड्याला कळ्या असतात. फुलपाखरू मधासाठी फडफडतं तेव्हा लांब पुंकेसरांचे परागकण त्याच्या पंखांना लागतात आणि पंखांवरूनच पुढच्या फुलावर जातात. निव्वळ पिवळ्या फुलांचा प्रकारही असतो, गुलाबीही असतो. सोसायटीनं आणला होता तो लाल-पिवळा.

आणि हे सगळं येतं नव्या फुटीच्या शेंड्यावर. त्या वेळी हे वाक्य माझ्या डोक्यात असायला हवं होतं.

पहिली भेट आणि माझी चूक

सकाळी नऊला गेले. बाग बघणारे माळीमामा हजर होते. साठीचे, कष्टाळू, झाडांवर जीव असलेले. "पाणी रोज घालालोय की ओ. एक दिवस चुकवलं नाही. युरिया पण महिन्याला. तरी असं व्हालंय," ते कळवळून म्हणाले. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी तासाला चार लिटरचा एक ड्रिपर होता आणि ठिबक रोज तासभर चालायचं. पाणी सोसायटीच्या बोअरचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमला होता. सोलापुरात ज्याच्या घरी गिझर आहे त्याला हा थर वेगळा सांगायला नको.

पानं पाहिली. कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. जुनी पानं त्यामानाने ठीक. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडतात. कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा अभाव. आपल्या चुनखडीच्या जमिनीत डाळिंबाला, पेरूला, लिंबाला हे सारखं दिसतं. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही. माती तपासायला दिली. सामू (पीएच) ८.४ आला आणि मुक्त चुना भरपूर. बांधकामाच्या वेळचा राडारोडाही भिंतीलगत तसाच गाडलेला होता, सिमेंट आणि गिलाव्याचे तुकडे वीतभर खणलं की हाताला लागायचे.

निदान झालं असं मला वाटलं. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, लिहून दिली, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम, सोबत १० ग्रॅम लिंबाचं सत्त्व, संध्याकाळी फवारायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. मीटिंगमध्ये जाऊन बोलले. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "डाळीच्या कुळातलं झाड आहे, ते हवेतलं नत्र स्वतः घेतं, मग खत कशाला?" प्रश्न चांगला होता. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू नत्र धरतात, हे खरं. पण हे कुळ फार मोठं आहे, आणि शंकासूर ज्या शाखेत बसतो तिथल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर गाठी नसतात. त्याला थोडंफार शेणखत लागतं. महिन्याला युरिया मात्र नको, तो मी बंद करायला सांगितला. सोसायटीनं झाडं उपटायचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलला.

तीन आठवड्यांत पानं हिरवी झाली. चिटणीसांनी फोटो पाठवले, मला बरं वाटलं. मार्च संपता संपता आलेली नवी पालवी पुन्हा पिवळी. पुन्हा फवारणी, पुन्हा हिरवी, पुन्हा पिवळी. आणि फूल नाहीच.

मी पाण्याबद्दल विचारलं, खताबद्दल विचारलं, माती तपासली. कात्रीबद्दल विचारलं नाही. आणि खड्डा खणून पाहिला नाही. झाडाच्या पानांवरून निदान करायची सवय लागली की माणूस खाली वाकायचं विसरतो.

मीटरखोलीमागचं झाड

मे महिन्याचा पहिला आठवडा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला, मीटरखोलीपाशी लावली. खोलीच्या मागे, भिंत आणि खोलीच्या मधल्या मुरमात, एक शंकासूर उभा होता. सात फूट उंच आणि नखशिखांत फुललेला. मी काही क्षण नुसती बघत राहिले.

वॉचमनच्या घरच्या अक्का तिथेच भांडी घासत होत्या. इंडीकडच्या, बोलण्यात कानडी हेल. त्यांना विचारलं, हे कोणी लावलं?

"मीच लावले की. तुमच्याच लॉटातलं आहे. ४१ रोपं आली होती, एक जास्तीचं. मामा टाकून देणार होते. आमच्याकडं रत्नगंधी म्हणतात याला. गावी देवळाच्या मागं असतंय."

"पाणी?"

"पहिलं वर्षभर तांब्या-दोन तांबे. आता काय नाही. कोण घालतंय त्याला?"

एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी आलेली रोपं. ४० ना रोज पाणी, खत, फवारणी, माणसाची देखरेख. एकाला काही नाही. आणि फुललेलं तेवढंच. कुठल्याही प्रयोगशाळेनं याहून स्वच्छ तुलना मला मांडून दिली नसती. मी अक्कांच्या झाडाच्या बुंध्याशी बसले आणि शेंड्यापर्यंत नजर नेली. एकही फांदी कधी कापलेली नव्हती. मग पुढच्या रांगेपाशी जाऊन तीच नजर फिरवली. प्रत्येक झाड तीन फुटांवर सपाट कापलेलं, टेबलासारखं. प्रत्येक फांदीच्या टोकाला जुन्या-नव्या कापांच्या गाठी.

मामांना विचारलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हेज कापायचं मशीन फिरायचं. सोसायटीला दाट, चौकोनी कुंपण हवं होतं, मेंदीचं असतं तसं. शंकासुराची नवी फूट येऊन तिच्या टोकाशी कळ्या धरायला महिन्याहून जास्त वेळ लागतो. कळी धरायच्या आत शेंडा जायचा. युरिया मिळायचा, झाड पुन्हा जोमानं फुटायचं, पुन्हा मशीन यायचं. २० महिने हेच चाललं होतं. मामांचा दोष नव्हता, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी चोख केलं.

पण मग पिवळेपणाचं काय? मेलेल्या सात झाडांचं काय? कात्रीनं फूल जातं, झाड मरत नाही. आणि मशीन तर पुढच्या-मागच्या सगळ्या झाडांवर सारखंच फिरत होतं. तरी फाटकाकडची पहिली पंधरा-सोळा झाडं हिरवीगार आणि जसजसं मागे जावं तसतशी पिवळी. मेलेल्या सातपैकी सहा शेवटच्या दहांतली. हे तर पहिल्या दिवशीच दिसत होतं, मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्या दिवशी मामांकडून दोन खड्डे खणून घेतले, एक फाटकाजवळ, एक मागच्या टोकाला, दोन-दोन फूट खोल. फाटकाकडे दीड फुटावर मुरूम लागला. मागे तळापर्यंत काळी चिकण माती, फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी. दोन्ही खड्डे पाण्यानं भरले. फाटकाकडचा तीन तासांत रिकामा. मागच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी अजून चार बोटं पाणी होतं. मेलेल्या एका झाडाचं मूळ उकरलं तर साल बोटांनी सुटून आली, आत तपकिरी, आणि मातीला नासका वास.

म्हणजे असं झालं होतं. लावताना दोन फुटी खड्डे करून त्यात पोयटा, शेणखत घालून भरलेले. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं आणि मुरमाड जमिनीत ते बरोबरही आहे. काळ्या चिकण मातीत मात्र असा खड्डा म्हणजे गाडलेली कुंडी, जिला भोक नाही. भुसभुशीत भागात पाणी उतरतं, चारी बाजूंच्या चिकण मातीतून बाहेर जात नाही, साचतं. त्यात रोज चार लिटर. मुळांना हवा नाही. हवा नसलेलं मूळ लोह उचलू शकत नाही, वरून बोअरच्या क्षारी पाण्यानं चुन्याचा त्रास आणखी वाढवलेला. हिराकस फवारून मी पानांना तात्पुरतं जेवू घालत होते आणि खाली मूळ गुदमरत होतं.

सोलापूरची काळी माती पाणी धरते म्हणून तर इथे रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते. वर्षाला सरासरी ५५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्याचाही मोठा वाटा सप्टेंबरात. या मातीत कोरडवाहू शेती कशी करावी याचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ती कशी वागते ते ठाऊक होतं. तिच्यावर घरं बांधली, नळ आणि ठिबक आलं, आणि ती माती आहे हेच आपण विसरलो.

काय केलं

मशीन त्याच दिवशी बंद. याला सोसायटीत सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण वाढू दिलेला शंकासूर खालून मोकळा, उघडा दिसतो. त्याचा घेर वर असतो. आडोशाला म्हणून हे झाड लावणं हीच मुळात चुकीची निवड होती, हे मी स्पष्ट सांगितलं. आडोसा खरोखर हवा होता तो पार्किंगसमोरच्या १२ मीटरमध्ये. तिथे शंकासुराच्या पुढे मेंदीची रांग लावली. मेंदी कापून घेते, पाणी कमी मागते, आणि मामांच्या मशीनलाही काम राहिलं. बाकीच्या ठिकाणी लोकांना ठरवायला लागलं, फुलं हवीत की चौकोन. मतदान घेतलं तर बायका आणि मुलं फुलांच्या बाजूनं होती.

पाणी. ड्रिपर बुंध्यापासून दीड फूट बाहेर सरकवले, मूळ पाण्याच्या शोधात पसरावं म्हणून. रोजचा एक तास बंद करून दहा दिवसांनी एकदा तीन तास, म्हणजे झाडाला १२ लिटर. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा. पावसाळ्यात बंदच. मामांना हे फार जड गेलं. भर मेमध्ये झाडाला पाणी द्यायचं नाही म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पापच. पहिले दोन आठवडे ते लपून तांब्यानं पाणी घालायचे, हे अक्कांनी मला नंतर सांगितलं. मी काही बोलले नाही. पण पुढच्या वेळी त्यांना मीटरखोलीमागे घेऊन गेले आणि आम्ही दोघं त्या झाडासमोर थोडा वेळ उभे राहिलो.

चर. मागच्या ३० मीटरमध्ये, झाडांच्या रांगेपासून दीड फुटावर, उताराच्या बाजूनं दोन फूट खोल चर खणला, त्यात खडी आणि जाड मुरूम भरला आणि त्याचं तोंड पावसाच्या पाण्याच्या गटारीत काढलं. सगळ्यात खर्चाचं काम हेच. मे महिन्यात आणखी दोन झाडं गेली, त्यांची मुळं आधीच संपलेली होती.

नवी रोपं आम्ही विकत आणली नाहीत. अक्कांनी आदल्या वर्षीच्या शेंगांमधलं बी ठेवलं होतं. शंकासुराची शेंग वाळली की तडकन फुटून पिळवटते आणि बी लांब उडतं, म्हणून तपकिरी व्हायला लागलेली शेंग तोडून कापडात बांधून ठेवावी लागते. बी चपटं, कठीण कवचाचं. तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. फुगलेलं बी लगेच पेरायचं. न फुगलेलं पॉलिश पेपरवर एका कडेला घासायचं, कवचाचा रंग जरा फिका होईपर्यंत, डोळ्याची बाजू सोडून, आणि पुन्हा भिजवायचं. उन्हाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून रोप पिशवीत फार दिवस ठेवू नये. मेमध्ये पेरलेली रोपं जुलैमध्ये नऊ मोकळ्या जागांवर लावली, या वेळी खड्ड्यात नाही, फूटभर उंच वरंब्यावर.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणखी एक मुद्दा निघाला होता, तो इथे नोंदवते, कारण मला तो मनापासून पटतो. शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आलेल्या एका तेलुगू भाषक वहिनींनी विचारलं, "परदेशी झाडामागे एवढे कष्ट, मग आपला तरवड का नाही?" बतुकम्माच्या सणाला त्यांच्याकडे तरवडाची पिवळी फुलं लागतात, ते त्याला तंगेडू म्हणतात. तेलंगणाचं ते राज्यफूल. सोलापूरच्या माळावर तरवड आपोआप येतो, शेरडं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही, त्याच्या सालीनं पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली. तोही याच कुळातला, फुलंही सुरेख. नव्यानं बाग करायची असती तर मी मुरमाच्या भागात तरवडच सुचवला असता. उभी झाडं वाचवायची होती म्हणून शंकासूर राखला, पण मीटरखोलीच्या शेजारी दोन तरवड लावले. त्या वहिनींनी स्वतः बी आणून दिलं.

काढ्याचा प्रसंग

मध्येच एक गोष्ट घडली, ती वगळून हे लिहिता येणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर शंकासुराच्या फुला-पानांच्या काढ्याचा एक संदेश फिरू लागला, तापापासून पाळीच्या तक्रारींपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून. एका घरात सून गरोदर होती. सासूबाईंनी मला साधेपणानं विचारलं, "चहात चार पानं टाकली तर चालतील का?"

मी त्यांना बसवून सांगितलं. मारिया सिबिला मेरियन नावाची चित्रकार आणि निसर्ग अभ्यासक सुरिनामला जाऊन राहिली होती. १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिनं या झाडाचं चित्र काढलं आणि सोबत लिहिलं, की डच मळेवाल्यांच्या गुलामीत असलेल्या बायका याचं बी गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये म्हणून. ते वाचल्यापासून मला हे फूल पाहताना त्या बायका आठवतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्या कामासाठी हे झाड ओळखलं जात होतं, तेच गरोदर मुलीच्या चहात घालायचं? सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. तेव्हापासून मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यातल्या झाडांच्या शेंगा हिरव्या असतानाच तोडायच्या, असा नियम केला आहे. बिया विषारी आहेत, लहान मुलं काहीही तोंडात घालतात. शेंगा तोडल्यानं झाड पुढच्या तुऱ्यांना लवकर लागतं हा वर फायदा.

पुढे काय झालं

ऑगस्ट २०२३ आठवतो ना? १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. जिल्ह्यात उडीद-सोयाबीन डोळ्यांदेखत करपत होतं. त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात फाटकाकडच्या चौथ्या झाडाला पहिला तुरा आला. चिटणीसांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. सप्टेंबर अखेर पुढची १४ झाडं फुलली. मागची अजून नाही, पण नवी पालवी हिरवी येऊ लागली होती, आणि हिराकस जूननंतर फवारली नव्हती.

त्या वर्षी उजनी धरण पूर्ण भरलं नाही. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की छाटणी, असं मामांशी ठरलं होतं. जानेवारी २०२४ च्या शेवटी जुनी झाडं जमिनीपासून दीड फुटावर छाटली. वर्षातून ही एकच छाटणी, करवतीनं आणि कात्रीनं, डोळ्याच्या, म्हणजे फूट येते त्या जागेच्या, वर तिरकी. त्यानंतर मे महिन्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. झाडं खुंटासारखी दिसत होती, येणारे-जाणारे विचारायचे की काढून टाकताय का.

मे २०२४ मध्ये उजनी वजा पातळीत गेलं होतं, म्हणजे वापरायचा साठा संपला होता. नळाला पाणी आठवड्यातून एकदाही धड येत नव्हतं, बोअर तासाभरात धापा टाकायचा. सोसायटीनं बागेचं पाणी पूर्ण बंद केलं. मला विचारलं तेव्हा मी होकार दिला, पण वरंब्यावरच्या लहान रोपांना भांड्याचं पाणी घालायला लावलं. नऊपैकी आठ जगली. आणि जुन्या ३१ पैकी २८ झाडं त्या मेमध्ये फुलली. सगळी भिंत केशरी. हा परिणाम छाटणीचा किती, चराचा किती आणि पाणी तुटल्याचा किती, याची वाटणी मी करू शकत नाही, सगळं एकाच वर्षात घडलं. फाटकाकडच्या झाडांना चर नव्हता आणि ती मशीन थांबल्यावर फुलली, मागची चर झाल्यानंतर हिरवी झाली, एवढं मात्र नोंदवहीत तारखांसह आहे.

माझी आणखी एक काळजी होती ती ओल्या वर्षाची. दुष्काळात मुळांत पाणी साचायचा प्रश्नच येत नाही. २०२४ चा पावसाळा चांगला झाला, चरानं पाणी काढलं. मग सप्टेंबर २०२५ आला. सीना नदीला पूर आला, जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली, आपल्या एका भिंतीचं काय घेऊन बसलात असं वाटण्याचे ते दिवस. त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही की मागच्या एका घराच्या दुरुस्तीचा गिलावा चराच्या तोंडाशी येऊन बसलाय. शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी पाच दिवस पाणी उभं राहिलं. दोन्ही गेली. ऑक्टोबरमध्ये उकरली तेव्हा साल पुन्हा तशीच बोटांनी सुटून आली.

तोंड मोकळं करून तिथे लोखंडी जाळी बसवली आहे. दोन्ही जागा उन्हात उघड्या ठेवल्या आहेत, तिथे आता वरंबा घालायचा. मामा आता मशीन घेऊन मेंदीकडेच जातात. अक्कांनी परवा काडेपेटीत ११ बिया आणून दिल्या, मीटरखोलीमागच्या झाडाच्या. गरम पाण्यात सात फुगल्या, त्या पिशव्यांत गेल्या. उरलेल्या चार पॉलिश पेपरवर घासून कालपासून पुन्हा पाण्यात टाकल्या आहेत.